ऋषींच्या दाढ्यांचा गोरिला

ज्या माणसाबद्दल मी लिहिते आहे, त्यांचा चेहरा बहुतेक वेळा माझ्या मांडीवर पालथा पडलेला असायचा आणि मी त्याला आतून अस्तर लावत असायचे. चेहरा गोरिलाचा होता. त्यांचा स्वतःचा चेहरा साधा, लांबट, नाकावर चष्म्याचा वळ. रस्त्यात दिसले असते तर कुठल्यातरी बँकेतले कारकून वाटले असते.

मी चौथी शिकले. पुढे कोणी शिकवलं नाही, मीही हट्ट केला नाही. शिवण येत होतं. नवरा गेल्यावर पेठेतल्या एका ड्रेपरीत लागले. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे आणि गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणारं दुकान. मावळ्यांच्या पगड्या, राक्षसांची शिंगं, पऱ्यांचे पंख, सगळं फाटून परत यायचं आणि माझ्या मशीनखाली जायचं. त्या दुकानात एकच पोशाख असा होता की जो एकटा जात नसे. त्याच्याबरोबर आत शिरणारा माणूसही जायचा. तो हा गोरिला.

दुकानात सगळे त्यांना काका म्हणत. ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे होते. मी 'अहो'वर भागवलं. ते मला 'बाई' म्हणत. तरुणपणी चंद्रपूरकडून आले होते, पण पुण्यात राहून भाषा इतकी स्वच्छ झाली होती की कोणाला पत्ता लागू नये. चिडले किंवा हबकले की मात्र 'मले' आणि 'काहून' बाहेर पडायचं.

आधी सर्कशीत गोरिला होते. मग जंगलाच्या सिनेमांत. ते सिनेमे बंद पडल्यावर जत्रेतल्या तंबूत. तिथे आरशाच्या खेळात मुलीची हळूहळू गोरिला होते आणि पिंजरा तोडून लोकांच्या अंगावर येते. पोरं किंचाळत बाहेर पळतात, की दुसरी बॅच आत. ती शेवटची गोरिला म्हणजे हे. मग बालनाट्य, दुकानांची उद्घाटनं, वाढदिवस. सगळीकडे काम एकच. झाडीतून बाहेर यायचं, दात दाखवायचे, छातीवर मुठी आपटायच्या, बाई उचलायची आणि शेवटी मार खायचा.

मी एकदा विचारलं, "किती बायका पळवल्या असतील?"

"मोजल्या नाहीत. पण एकीला तरी नेऊन ठेवायचं कुठे, हे मला कोणी सांगितलं नाही. गुहेपर्यंत न्यायची. पुढे पडदा."

त्यांच्या तऱ्हा खूप होत्या. गोरिलाला कोणी माकड म्हटलं की थांबून सांगायचे, "माकडाला शेपूट असतं. बघून घ्या." डोकं चढवलं की मराठी बंद. मग काही लागलं तर बोटाने दाखवणार. एकदा तहान लागली होती तर अर्धा तास माठाकडे बोट करून उभे होते आणि मालकांना वाटलं माठात पाल पडली. बिबवेवाडीत एका खोलीत एकटे राहायचे. महिन्यातून एकदा गच्चीवर सूट उलटा करून वाळत घालायचे. एवढा मोठा माणूस दोरीवर हात पसरून लटकलेला. मी एकदा माप घ्यायला गेले होते तेव्हा शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुमचे मिस्टर का हो हे वाळत घातलेले?" मी म्हटलं, "माझे असते तर पिळून घातले असते."

सिटी बसमध्ये गोरिलाचं डोकं पिशवीत मांडीवर घेऊन बसायचे. पिशवीचं तोंड उघडं ठेवत. विचारलं तर म्हणत, "त्यालाही बघू दे."

आता ती दुपार.

मालकांनी दुकानात केबल घेतली ती शेअरचे भाव बघायला. त्या वर्षांत ज्याला त्याला शेअरचं वेड लागलं होतं. एक ते चार दुकान बंद. मालक घरी जेवायला आणि झोपायला जात. शटर अर्धं खाली असे. मी मशीनवर, काका गादीवर आडवे आणि टीव्ही नुसताच चालू. शटरखालून उन्हाचा एक पट्टा आत यायचा आणि त्यात फरच्या कापडाची लव तरंगत राहायची. पंखा इतका सावकाश फिरायचा की पाती मोजता यायची. त्या तीन तासांत पेठेत कोणी मेलं तरी चारनंतर मेलं असतं.

पडद्यावर हिरवा डोंगर दिसत होता आणि धुकं. धुक्यात काहीतरी काळं, ढिगासारखं. मला वाटलं कोळशाचं पोतं असेल. मग पोत्याने मान वळवली.

इंग्रजीत कोणीतरी बोलत होतं, अगदी हळू, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं. मला कळत नव्हतं, काकांनाही नाही. कळायची गरजही नव्हती. गोरिला बसून हिरवे देठ सोलत होता. एक घेतला, साल ओढली, खाल्ला. दुसरा घेतला. मी घरी भाजी निवडते ती याहून धसमुसळेपणाने. एक पिल्लू त्याच्या पाठीवर चढलं, घसरलं, परत चढलं. त्याने तिकडे पाहिलंही नाही. पाठ पांढरी होती, राख फासल्यासारखी. मध्येच तो उठला, उघड्या पंजांनी छातीवर दोनदा थापा मारल्या, पोकळ आवाज झाला, आणि परत बसला. एवढंच. मग पाऊस आला तेव्हा त्याने हात छातीशी बांधले आणि पाऊस जाईपर्यंत तसाच बसून राहिला.

काका उठून बसले होते. कार्यक्रम संपला, साबणाची जाहिरात लागली, तरी ते तिकडेच बघत होते.

"बाई, मले कोणी सांगितलंच नाही."

"काय?"

"हा काहीच करत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दात विचकायचे, बायका पळवायच्या, हे मग कोणाचं काम?"

"माझ्या थोरल्या दिराचं," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. त्या दिवशी चहाही घेतला नाही.

तिथून त्यांचं डोकं फिरलं असं मालक म्हणत. मला तसं वाटत नाही. तीस वर्षं ज्याच्या नावावर जेवलो त्याला कधी पाहिलंच नव्हतं, हे कळल्यावर माणूस दुसरं काय करणार? ते रोज दुपारी टीव्हीसमोर बसू लागले. गोरिला दिसेलच असं नसे. दिसला की माझा खडू घेऊन कटिंगच्या टेबलावर चित्रं काढत. हात कसा टेकवतो, मान कशी वळवतो. मला ती चित्रं पुसून वर कापड पसरावं लागायचं. मग एकेक दुरुस्ती सुरू झाली. मुखवट्याचे दात झाकायला मी रेक्झिनचा खालचा ओठ शिवून दिला. पंजे आतून कडक केले, म्हणजे उघड्या हाताची थाप वाजेल. पाठ पांढरी करून मागत होते, ते मी केलं नाही. म्हटलं, मालक मला पांढरं करतील.

कामं कमी होऊ लागली. कोथरूडला एका वाढदिवसाला गेले आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कुंडीशेजारी बसून राहिले. पोरं दहा मिनिटं वाट बघून व्हिडिओ गेम खेळायला गेली. मुलाची आई येऊन म्हणाली, "अहो काका, काहीतरी करा ना, केक कापायचाय." यांनी कुंडीतलं एक पान तोडून तिला दिलं. तिने मालकांना फोन केला.

मालक वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, "काका, लोकांना जो गोरिला पाहिजे तो द्यायचा. खरा पाहिजे असता तर ते आफ्रिकेला गेले असते."

एका रविवारी काका मला म्हणाले, "चला, दाखवतो." बसने खडकवासल्याला गेलो. सकाळची वेळ होती. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाला ओल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पाण्यावर धुकं. ते बाभळीमागे गेले आणि गोरिला होऊन आले. हातांवर भार टाकत सावकाश पाण्यापर्यंत गेले आणि बसले. मी लांब दगडावर डबा घेऊन बसले. मनात म्हटलं, पोलीस आले तर मी ओळख दाखवणार नाही.

म्हशी आल्या. त्यांच्या बाजूने पाण्यात उतरल्या, एक फक्त थांबून हुंगून गेली. मग एक बाई धुण्याचं पातेलं घेऊन आली. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"ह्यो कोण हाय?"

"गोरिला."

"करतो काय?"

"काही नाही."

"मग बसू दे की," म्हणाली आणि धुणं आपटायला लागली.

मला स्वप्नं फारशी पडत नाहीत आणि पडली तर मी कोणाला सांगत बसत नाही. पण त्या तासाभरात काहीतरी झालं. कपडा दगडावर आपटला की थोड्या वेळाने पलीकडच्या डोंगरातून आवाज परत यायचा, जणू तिकडेही कोणी धुवत होतं. धुकं एकदा जवळ यायचं, एकदा लांब जायचं. मध्ये ते काळं अंग. त्याचे खांदे श्वासाबरोबर वर खाली होत होते. आणि काही वेळ मला खरंच आठवेना की आत माणूस आहे आणि त्याला अस्तर मीच लावलं आहे. डबा तसाच उघडा राहिला. पोळीला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी पांढरी पाठ शिवायला घेतली. पांढरा फर दुकानात नव्हता. होत्या त्या ऋषींच्या दाढ्या. वर्षातून दोनदा बाहेर जाणाऱ्या, चांगल्या लांब, जरा पिवळट. तीन दाढ्या उसवून मी त्या मानेखालपासून कमरेपर्यंत थरांनी बसवल्या. काकांनी आरशाकडे पाठ करून, हातात दुसरा आरसा धरून पाहिलं. मग माझ्यासाठी कोपऱ्यावरून भजी घेऊन आले.

आणि नेमकं त्याच महिन्यात एका शाळेच्या गॅदरिंगला रामायण होतं. वसिष्ठ गुळगुळीत चेहऱ्याने रंगमंचावर गेले. मुख्याध्यापिकाबाई स्वतः दुकानात आल्या. त्या गेल्यावर मालकांनी मला बोलावलं.

"ताई, तीन दाढ्या गेल्या कुठे?"

"काकांच्या पाठीवर."

"पाठीवर?"

"वयात आलेल्या गोरिलाची पाठ पांढरी असते."

"आणि वयात आलेल्या वसिष्ठाचं काय असतं?"

तेव्हाच ते दाढ्या काढायला लावणार होते, पण हंगाम होता आणि माझ्यापुढे कामाचा ढीग होता, म्हणून राहिलं.

मग खराडीच्या कंपनीचं काम आलं. कॉम्प्युटरची कंपनी, त्यांचा फॅमिली डे. बायका-पोरांसकट हजारभर माणसं. कार्यक्रम ठरवणारी मुलगी सूट बघायला आली. फरवरून हात फिरवून म्हणाली, "आन्टी, हे बॅकला फेड झालंय का? आम्हाला एकदम फिअर्स लुक पाहिजे." मग आयटम सांगितला. कंपनीच्या एक मॅडम स्टेजवर सूत्रसंचालन करणार. गोरिला ओरडत येणार, मॅडमना उचलून गुहेकडे नेणार. तेवढ्यात कंपनीचे मोठे साहेब शिकाऱ्याच्या टोपीत, बंदूक घेऊन येणार आणि गोरिलाला लोळवणार. टाळ्या.

"सरांची आयडिया आहे," ती म्हणाली.

ती गेल्यावर मालक काकांना म्हणाले, "हे शेवटचं. हे बिघडलं तर सूट दुसऱ्याला देणार. जिममधला एकजण कधीपासून विचारतोय. आणि ताई, ते पांढरं काढा."

काका त्रेसष्ट वर्षांचे होते. सूट गेला तर त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं कोणी नव्हतं. ते माझ्या मशीनजवळ येऊन उभे राहिले.

"मी म्हशींसमोर बसलो, त्या बाईसमोर बसलो. माणसांनी भरलेल्या ठिकाणी एकदा बसायचं होतं, बाई. एकदाच."

"सूट जाईल."

"जाईल."

"मग खाल काय?"

"मी कुठे म्हटलं बसतो म्हणून," ते म्हणाले आणि गादीवर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

मी दाढ्या काढल्या नाहीत. वरून काळ्या फरचा एक तुकडा लावला, पूर्ण पाठभर, आणि तो कच्च्या टाक्याने टाचला. एकच सलग धागा. त्याचं टोक डाव्या काखेखाली सोडलं. सूट हातात देताना सांगितलं, "हा धागा ओढलात तर काळं गळून पडेल. नाही ओढलात तर कोणाला कळणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. मला नंतर दोष देऊ नका."

त्यांनी काखेत बोट घालून टोक चाचपलं. ओढलं नाही.

शनिवारी दुपारी टेम्पोने खराडीला गेलो. तेव्हा तिथे काचेच्या दोन इमारतींच्या मध्ये अजून ज्वारी दिसायची. काचांत ज्वारी हलताना दिसे आणि ज्वारीच्या वर ढग. मला वाटलं, इमारती पाण्याच्या आहेत की काय. हिरवळीवर मांडव, समोर स्टेज, पुठ्ठ्याची गुहा. मी विंगेत सुईदोरा घेऊन उभी. मालक माझ्याशेजारी. काकांनी गेटबाहेरच्या भाजीवालीकडून शेपूची एक जुडी घेतली होती. मला वाटलं, घरी न्यायला.

ढोल वाजले. काका हातांवर भार टाकत, सावकाश, स्टेजच्या मधोमध गेले. मॅडम माईकमध्ये ओरडल्या, "बापरे, हे काय आलं?" आणि उचलून घ्यायच्या तयारीने थोड्या तिरक्या उभ्या राहिल्या. काकांचा डावा हात काखेत गेला. उजवा हात मागे गेला. मी श्वास धरला असं नाही लिहीत, कारण मी तेव्हा टाका बरोबर सुटतो की नाही तेच बघत होते. टाका बरोबर सुटला. काळं कापड पाठीवरून घसरून खाली पडलं. काकांनी लोकांकडे पाठ केली आणि बसले.

ढोलवाले दोन-चार ठोके वाजवून थांबले. मालक म्हणाले, "ताई, हे काय?" मी म्हटलं, "कच्चा टाका."

काकांनी फरखालून शेपूची जुडी काढली आणि सोडली. एक काडी घेतली, पानं बाजूला केली, देठ खाल्ला. दुसरी घेतली. मॅडमना काय करावं कळेना. त्यांनी दोनदा "अरे बापरे" म्हणून पाहिलं. मग साहेब आले, टोपी, बंदूक, मोठे बूट. बंदूक रोखून ते समोर येऊन उभे राहिले. गोरिलाने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि परत भाजी निवडायला घेतली. साहेबांची बंदूक आमच्याच दुकानातली, लाकडी. ती रोखून ते उभे आणि समोर एकजण बसून शेपू खातोय. मांडवातून कोणीतरी ओरडलं, "सर, हा बेंचवर आहे वाटतं." हजार माणसं हसली. ज्यांना काम नसतं त्यांना तिथे बेंचवर आहे म्हणतात, हे मला मागाहून कळलं.

हसू संपलं. साहेबांनी बंदूक खाली केली, टोपी काढून डोकं खाजवलं. आणि त्यानंतर मांडवात कोणी काही बोललं नाही. का ते मला माहीत नाही. वारा होता, दाढ्यांचे केस एकाच बाजूला हलत होते. पुढच्या रांगेतली एक म्हातारी पदर तोंडाशी धरून बघत होती. मॅडमनी माईक खाली ठेवला, साडी सावरली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर खाली बसल्या. त्याने त्यांना एक काडी दिली. त्यांनी ती हातात धरली, वास घेतला आणि खाल्ली.

मग काकांनी उघड्या पंजांनी छातीवर दोन थापा मारल्या. पोकळ, मोठा आवाज झाला. ते उठले आणि आले तसे सावकाश विंगेत परत आले. टाळ्या झाल्या, पण थोड्या, आणि उशिरा. ज्यांना लगेच टाळ्या वाजवायच्या होत्या ते आधीच पाणीपुरीच्या स्टॉलकडे गेले होते.

पुढच्या सोमवारी मालकांनी सूट जिममधल्या माणसाला दिला. त्याच्या मापाचा मीच केला. छातीत सैल, कमरेत घट्ट. दाढ्या धुऊन परत ऋषींना लावल्या. तो माणूस चांगला ओरडतो, त्याला कामं भरपूर मिळाली. काका नंतर बिबवेवाडीतच एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाले. मी दोनदा भेटायला गेले. खुर्ची असून पायरीवर बसलेले असायचे. चार वर्षांनी काका वारले. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

खराडीहून परत येताना टेम्पोत मागे आम्ही दोघंच होतो, पुठ्ठ्याच्या गुहेला टेकून. मालक पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि त्यांची मान सारखी हलत होती, म्हणजे अजून बोलत असावेत. सूट आमच्या दोघांच्या मांडीवर पसरला होता. काकांचे केस घामाने कपाळाला चिकटले होते. सूट जाणार हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

"बाई, किती वेळ बसलो मी?"

माझ्या हातात घड्याळ होतं. "चार मिनिटं."

"चारच?"

"साडेचार धरा."

ते मागच्या फळीवरून रस्त्याकडे बघत राहिले.

"मला वाटलं, एक अख्खा पावसाळा गेला," म्हणाले, आणि येरवड्याचा पूल यायच्या आत झोपून गेले.